बेटावरचा एकमेव स्वतंत्र माणूस

२ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी साडेनऊ वाजता मी स्वतंत्र झालो. उगाच म्हणत नाही, तसं सरकारी शिक्क्याचं पत्रच आहे. ‘अंदाज तपासणी मंडळाचे स्वतंत्र अध्यक्ष म्हणून सहा वर्षांसाठी नेमणूक.’ एकतीस वर्षं लार्नाकाच्या कॉलेजात पोरांना सरासरी काढायला शिकवलं, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता त्रेसष्टाव्या वर्षी मला ओरडून सांगावंसं वाटतंय.

भानगड अशी आहे. आधी ग्रीस गाळात गेलं, मग इतर एकदोघे, मग आमच्या बँका बुडाल्या. तेव्हा युरो वापरणाऱ्या देशांनी ठरवलं, की यापुढे सरकारने पुढच्या वर्षीचं भविष्य स्वतःच वर्तवून स्वतःच त्यावर खूश व्हायचं नाही. मध्ये एक तिऱ्हाईत मंडळ हवं. सरकार म्हणणार, पुढच्या वर्षी इतकी भरभराट होईल. मंडळ म्हणणार, पटतं किंवा पटत नाही. पटलं तरच त्यावर बजेट बांधायचं.

सायप्रसमध्ये तिऱ्हाईत शोधायचा म्हणजे समुद्रात कोरडा मासा शोधण्यासारखं आहे. शेवटी मी सापडलो. माझं नाव पाम्बोसनं सुचवलं. तो सरकारच्या अंदाज कचेरीचा प्रमुख, म्हणजे ज्याचे आकडे मी तपासायचे तोच. शिवाय तो माझा कुंबारो. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर मुकुट त्यानं धरला आणि त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मी बाहेर काढलं. हे नातं रक्तापेक्षा घट्ट. सख्खे भाऊ बांधावरून भांडतात, कुंबारो भांडत नाहीत.

“ज्याची वही तपासायची त्यानंच मास्तर निवडला म्हण की,” ख्रिस्ताल्ला म्हणाली. माझी बायको हॉटेलांच्या चादरी धुण्याचा कारखाना चालवते. कारभारातलं तिला फारसं कळत नाही.

पाम्बोस फोनवर म्हणाला, “कुंबारे, मी मंत्र्यांना सांगितलं, चाळीस वर्षांत या माणसाचा मला एकदाही त्रास झालेला नाही.” इतकी कदर! मला वाटतं, अंड्यांच्या भावातल्या हंगामी चढउतारांवरचा माझा जुना निबंध त्यांनी वाचला असावा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मंडळाची कचेरी निकोसियात, वधूवेशांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर आहे. टेबल एक, खुर्च्या दोन, माणसं तीन. संडासाच्या खिडकीतून बेटाच्या फाळणीच्या रेषेपलीकडची तुर्की चौकी दिसते. तिथला शिपाई माझ्याकडे बघतो आणि मी छताकडे बघतो.

सेक्रेटरी देस्पोबाई मासेखात्यातून बदलून आल्या आहेत. तोंडाने फटकळ. तिसरी मिरोफोरा. चौतीस वर्षांची, बुडालेल्या एका बँकेत आकडेमोड करायची. “बँक बुडणार हे मी अडीच वर्षं आधी लिहून दिलं होतं,” ती म्हणाली. “मग?” “मग मला सुट्ट्यांचं वेळापत्रक करायला बसवलं.” थोडी कडवट आहे. रुळेल हळूहळू.

आज मी स्वातंत्र्याचा फॉर्म भरला. ‘सरकारी सेवेत वा सत्तारूढ पक्षात आपले नातेवाईक आहेत काय? असल्यास नावे लिहा.’ खाली तीन ओळी. मी चुलते, मावसभाऊ, व्याही, कुंबारो असं प्रामाणिकपणे लिहीत गेलो. देस्पोबाईंनी दोनदा जास्तीचे कागद आणून दिले. एकशे अठ्ठेचाळीसाव्या नावाला त्या म्हणाल्या, “प्रोफेसर, नसलेल्यांचीच नावं लिहा की. एका ओळीत बसतील.”

१८ सप्टेंबर, गुरुवार

ब्रसेल्सहून लीव्ही नावाच्या एस्टोनियन बाई पाहणीला आल्या. चहा नको, कॉफी नको, बिस्किट नको. असल्या माणसाशी बोलायचं तरी कसं?

त्यांनी माझ्या नातेवाइकांची यादी उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, “सरकारशी तुमचा मतभेद झाला तर तुम्ही काय कराल?”

“तशी वेळ येणार नाही,” मी ठामपणे सांगितलं. “पाम्बोसला मी चाळीस वर्षं ओळखतो.”

त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. छाप पडली असं दिसतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मिरोफोराचं सगळं एका प्रश्नावर अडलंय. पुढच्या उन्हाळ्यात रशियन येणार का? रूबल घसरतोय. रशियन आले नाहीत तर लिमासोल आणि आया नापाच्या किनाऱ्यांवर नुसत्या छत्र्या. मग कसली भरभराट?

म्हणून मी स्वतः गाडी काढून लिमासोलला गेलो आणि चार हॉटेलवाल्यांना भेटलो. पैकी दोन माझे चुलतभाऊ. पहिला म्हणाला, “फुल्ल! पुढचा ऑगस्टसुद्धा फुल्ल!” त्याला बँकेकडून मुदतवाढ हवी आहे. दुसरा म्हणाला, “मेलो रे लोइझो, एक खोली गेली नाही.” त्याला वाटलं मी कर खात्याकडून आलोय. मी सांगितलं, अरे, मी स्वतंत्र आहे. “असं होय! मग निम्मी लिही,” तो म्हणाला.

एकतीस वर्षं मी नमुना पाहणी शिकवली. आज कळलं की नमुन्यांनाच मी कोण हे आधी विचारायचं असतं.

घरी आलो तर ख्रिस्ताल्लाचं चादरींचं पुराण. कोणत्या तरी हॉटेलानं पुढच्या वर्षीचं कंत्राट कमी केलं, मग आणखी एकानं. मी हो हो म्हणत राहिलो. डोक्यात मोठे विषय असताना माणूस चादरींकडे किती लक्ष देणार!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पाम्बोसनं जेवायला नेलं. भाजलेलं हलूमी चीज, गोगलगायी, वाइनमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस, असे एकवीस पदार्थ आले. सतराव्याला त्यानं पिशवीतून फाइल काढली. सरकारचा अंदाज असा, की पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था दोन पूर्णांक एक टक्क्यानं वाढणार.

“आणि हे तुझं मत,” दुसरा कागद पुढे करत तो म्हणाला. “‘मंडळास हा अंदाज वाजवी वाटतो.’ तुला त्रास नको म्हणून लिहूनच आणलं. फक्त सही.”

इतकी काळजी आजकाल कोण घेतं? तरी मी म्हटलं, मिरोफोराची आकडेमोड व्हायची आहे, चौदा तारखेपर्यंत मुदत आहे.

“कर की, कर. पोरीलाही काम हवं.” मग त्यानं माझा हात धरला. डोळे भरून आले होते त्याचे, वाइनमुळे असेल. “नऊ नोव्हेंबरला एरातोचं लग्न. मुकुट तू धरायचा, कुंबारे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही.”

एरातो माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याला तिनं माझ्या एकुलत्या एका कोटावर मुतलं होतं. मी तिथेच रडलो. वेटरनं दोन फळांच्या बश्या जास्त आणल्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी गाढव ठरलो. तारीख लिहून ठेवतो.

मिरोफोराला घरी जेवायला बोलावलं होतं, गाडीभाड्याला मंजुरी मिळत नाही म्हणून ती रोज बसनं येते, त्याची तेवढीच भरपाई. जेवताना ख्रिस्ताल्लानं पुन्हा चादरी काढल्या. मी नेहमीप्रमाणे पावात तोंड खुपसलं.

“मागच्या वर्षी या दिवसांत बेचाळीस हजार चादरींचं बोलणं पक्कं झालं होतं,” ख्रिस्ताल्ला सांगत होती. “यंदा तेवीस. आणि सगळे गुपचूप. बाहेर म्हणतात फुल्ल, आणि मला म्हणतात, ताई, निम्म्याच धर.”

मिरोफोराचा काटा खाली पडला. “किती हॉटेलं?”

“एकोणीस.”

“किती वर्षांच्या नोंदी आहेत तुमच्याकडे?”

“कारखाना काढल्यापासून. बावीस.” ख्रिस्ताल्लानं माझ्याकडे बोट केलं. “महिनाभर सांगतेय याला. हा पाव खातो.”

मग त्या दोघी माझ्याकडे बघत बसल्या. मी पाव खाली ठेवला.

हॉटेलवाला बँकेशी खोटं बोलतो, कर खात्याशी बोलतो, बायकोशी बोलतो, माझ्याशीही बोलला. पण चादरीशी कोण खोटं बोलणार? जितकी माणसं झोपायची तितक्याच धुवायच्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस ख्रिस्ताल्लाच्या अरादिप्पूच्या कारखान्यात, इस्त्रीच्या वाफेत बसून बावीस वर्षांच्या वह्या चाळल्या. मिरोफोरानं आलेख काढला. ऑक्टोबरात ठरलेल्या चादरी आणि पुढच्या वर्षी आलेले पर्यटक, दोन रेषा नवराबायकोसारख्या चालतात. कुरकुरत, पण बरोबर. एवढ्या वर्षांत फक्त एकदा चुकल्या, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद होती.

चादरी म्हणतात, शून्य पूर्णांक तीन टक्के. फार तर अर्धा. दोन पूर्णांक एक मुळीच नाही.

मी विचारलं, “एक पूर्णांक दोन असं मधलं काही धरता येईल का?”

मिरोफोरा म्हणाली, “सर, तुम्ही परीक्षेत असं करायचात?”

करायचो. पण ते तिला कशाला सांगू?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर मतपत्र लिहिलं. पहिला खर्डा: ‘अंदाज आशावादी असला तरी अशक्य नाही.’ दुसरा: ‘काही अनुकूल बाबी जुळून आल्यास अंदाज खरा ठरू शकतो, अन्यथा तो तसा ठरणार नाही.’ हा मला फार आवडला. तिसरा तर एक अख्खं पान होता आणि त्यात क्रियापद नव्हतं.

देस्पोबाईंनी टाइप करता करता हात थांबवले. “प्रोफेसर, हे हो आहे का नाही?”

“समतोल आहे.”

“मासेखात्यात आम्ही निदान मासा मेलेला की जिवंत एवढं तरी लिहायचो.”

रात्री अंथरुणात ख्रिस्ताल्लाला विचारलं, तू काय करशील? ती म्हणाली, “तीन वर्षांपूर्वी पाम्बोसच्या कचेरीनं सांगितलं, पर्यटन दणकून वाढणार. मी विश्वास ठेवला, दोन मोठी यंत्रं घेतली. दोन्ही कोपऱ्यात झाकून ठेवली आहेत. आणि मारोला काढावं लागलं, तिला दोन पोरं.” मग कूस बदलून म्हणाली, “तुला कोण विचारतंय म्हणा. तू तुझं वाक्य लिही.”

ही बायको सरळ शिव्या देईल तर बरं.

१२ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून आलो तर पाम्बोस अंगणात लिंबाखाली बसलेला. मी आलेख दाखवला. वाटलं होतं, तो म्हणेल शाब्बास. त्यानं दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं.

“या काय आहेत?”

“चादरी.”

“बेटाचं भवितव्य तू तुझ्या बायकोच्या धुण्यावरून ठरवणार? ब्रसेल्सला काय सांगायचं, लाँड्रीतून कौल आला?”

“पाम्बो, तुझा आकडा कशावरून आला?”

“वरून आला!” तो ओरडला. मग शेजारी बघून आवाज खाली आणला. “ऐक. तुझा आकडा धरला तर बजेटला आत्ताच भोक पडतं. आत्ता काहीतरी कापावं लागेल. माझा धरला तर निदान उन्हाळ्यापर्यंत सगळे सुखात राहतात.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात बघू! कदाचित रूबल चढेल. देव आहे.”

ख्रिस्ताल्ला कॉफी घेऊन आली होती. तिनं त्याच्यापुढे पेला ठेवला. “पाम्बो, तो देव माझ्या झाकलेल्या यंत्रांचे हप्ते भरेल का, जरा विचारून सांग.”

तो कॉफी न पिता उठला. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “लोइझो, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं का?”

खरंच नाही मागितलं. दरवेळी तो सांगायचा आणि मी करायचो, मागायची वेळच येत नसे. कोणत्या पक्षाला मत द्यायचं, पैसे कोणत्या बँकेत ठेवायचे. ती बँकही बुडालीच. मैत्री म्हणतात ती हीच की.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अकराला सही केली.

‘मंडळास हा अंदाज पटत नाही.’ कर्ता, कर्म, क्रियापद, नकार. देस्पोबाईंनी एका दमात टाइप केलं आणि शिक्का असा मारला की खालच्या दुकानातली बाई वर विचारायला आली.

धैर्य वगैरे काही नव्हतं. दोनदा संडासात जाऊन आलो. पाम्बोसचं तयार मतपत्रही टेबलावरच होतं आणि अगदी शेवटपर्यंत मला वाटत होतं, मी त्यावरच सही करणार. मग मिरोफोराकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. संगणक बंद करून तिनं पिशवी मांडीवर घेतली होती. हा म्हातारा काय करणार हे तिला ठाऊक होतं, तिनं ते बँकेत एकदा पाहिलं होतं. मला एकदम तिचा राग आला. रागाच्या भरात सही झाली.

 

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बातमी छापून आली. मुख्य मथळा: ‘चादरींनी अडवलं बजेट.’ व्यंगचित्रात मी दोरीवर वाळत घातलेला.

न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला. त्याचा मेहुणा अंदाज कचेरीत आहे. उरलेली अर्धी मी घरी केली. चुलतभावाचा लिमासोलहून फोन: “स्वतंत्र म्हणालास म्हणून तुला निम्मी सांगितली, आणि तू खरंच लिहिलंस?”

संध्याकाळी पाम्बोसचा संदेश. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला लिहून कळवलं. ‘मुकुट धरण्यासाठी वराच्या चुलत्यांची निवड झाली आहे. कळावे.’

जेवलो नाही.  ख्रिस्ताल्लानं बटाटे झाकून ठेवले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज ‘नाही’ची सुट्टी. चाळीस साली ग्रीसनं इटलीच्या हुकूमशहाला ‘नाही’ म्हटलं, त्याचा दरवर्षी उत्सव. पोरं निळेपांढरे झेंडे घेऊन चालली, बँड वाजला, आमच्या आमदारानं नकाराच्या थोरवीवर पाऊण तास भाषण ठोकलं. “एका शब्दात आपल्या वंशाचा आत्मा आहे! नाही!” टाळ्या. भाषण संपल्यावर तो खाली उतरला, मला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

कॉफीच्या दुकानात माझ्या टेबलाच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकजण आला, “ही घेऊ का?” म्हणाला आणि खुर्ची उचलून घेऊन गेला.

घरी येऊन टीव्ही लावला. सरकारनं आकडा बदलला. शून्य पूर्णांक चार. मंत्र्यांच्या दोन नव्या मोटारी आणि एका गावाचा पाचवा गोलचौक रद्द, पगार आणि पेन्शनला धक्का नाही. ‘सरकारनं स्वतःहून दाखवलेल्या दूरदृष्टीबद्दल’ ब्रसेल्सनं अभिनंदन केलं. म्हणजे देश बुडणार होता तो एका गोलचौकासाठी?

मिरोफोराचा फोन आला. ती हसत होती. तिला हसता येतं हे मला माहीत नव्हतं. “सर, सुट्ट्यांचं वेळापत्रक मी करायचं का तुम्ही?”

लीव्हीबाईंचंही पत्र आलंय, एका ओळीचं: ‘वेळ आली म्हणायची.’

५ नोव्हेंबर, बुधवार

एरातो कचेरीत आली. खालच्या दुकानात लग्नाचा पोशाख अंगावर घालून माप बघणं चाललं होतं, तशीच तीन जिने चढून वर. एका बाहीला टाचण्या.

“नूनो, येणार आहेस ना?” धर्मपित्याला आमच्याकडे असंच म्हणतात.

मी म्हटलं, तुझ्या बाबांना अवघड होईल.

“बाबांना काय, सगळंच अवघड होतं. दोन आठवडे घरात कुणाशी धड बोलत नाहीत. परवा मुकुट कुणी धरायचा यावर आईनं काहीतरी म्हटलं, तर बाबा उठून मोटार धुवायला गेले. पाऊस पडत होता.” मग ती माझ्या गालाचा मुका घेऊन म्हणाली, “मुकुट नाही तर नाही. तू ये. नाहीतर मी पुन्हा तुझ्या कोटावर मुतेन.”

देस्पोबाई मागे वळून कपाटात फाइली लावत होत्या. त्या कपाटात फाइली नाहीत, हे मला माहीत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

गेलो. बाराशे माणसं. यजमानांशी हस्तांदोलन करून पाकीट द्यायची रांग बागेबाहेर रस्त्यापर्यंत. तासभर रांगेत उभा होतो आणि माझ्या पुढेमागे हातभर जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत एवढी ऐसपैस जागा मिळालेला मी एकटाच.

पाम्बोससमोर आलो. त्यानं हात पुढे केला. बाराशेंशी करतो तसा, ओला आणि ढिला. ओठ न हलवता म्हणाला, “रूबल बघितलास?”

“बघितला.” तो आणखी आपटला होता.

“हं,” तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाचा हात धरला.

आम्हाला टेबल मिळालं स्वयंपाकघराच्या दाराशी. दर मिनिटाला दार ख्रिस्ताल्लाच्या खुर्चीला लागायचं. लग्नातलं गव्हामटणाचं रेसी मात्र आम्हालाच सगळ्यांत गरम मिळालं.

नाच सुरू झाल्यावर पाम्बोस आला. टाय खिशात, हातात झिवानिया दारूची बाटली. दार पुन्हा उघडलं, त्याच्या पाठीत बसलं, तो तिथेच खुर्चीत कोसळला.

“खरा आकडा मला सप्टेंबरातच माहीत होता,” तो म्हणाला. “मी काय मूर्ख आहे? पण तो घेऊन वर कोण जाणार? मी गेलो असतो तर माझ्या जागी दुसरा पाम्बोस बसला असता.”

“मग मला कशाला बसवलंस?”

तो हसला. वाईट हसला. “ब्रसेल्सवाले म्हणाले, अध्यक्षाला सहा वर्षं काढता येणार नाही असं कलम घाला. सगळे घाबरले. मी म्हटलं, घाला बिनधास्त. अध्यक्ष माझा लोइझोस आहे. जन्मात कुणाला नाही म्हणालेला नाही.” त्यानं पेला रिकामा केला. “तीस वर्षं अंदाज करतोय मी. एवढा एकही चुकला नव्हता.”

मी अंड्यांचा निबंध वगैरे काही बोललो नाही. काही गोष्टी ऐकल्यावर माणसानं रेसी खावं.

तो उठला. जाता जाता थांबला, जणू काही सांगायचं होतं. मग बँडवाल्यांकडे बघून त्यानं हात हलवला आणि गर्दीत शिरला. मला ‘कुंबारे’ म्हणाला नाही तो, शेवटपर्यंत.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ख्रिस्ताल्ला चुलीपाशी कॉफी ढवळत होती. मी तिला सगळं सांगितलं. का निवडलं, काय म्हणाला, सगळं. वाटलं, हसेल.

हसली नाही. “हे मला दोन सप्टेंबरलाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तू एवढा खूश होतास, कसं सांगणार?”

मी म्हटलं, “माणसानं चाळीस वर्षं नुसतं हो म्हणावं? विचार न करता?”

ती ढवळत राहिली. पाठमोरीच म्हणाली, “मलाही तसंच म्हणालास की. स्थळ पाम्बोसनं आणलं. तुझ्यासमोर फोटो ठेवला आणि म्हणाला, लोइझो, ही. तू म्हणालास, बरं. माझ्या आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, पोरगा भला आहे, पण त्याचा हो किती खरा ते कळायचं नाही.”

लग्नाची छत्तीस वर्षं ही बाई हे मनात ठेवून घरच्या आणि हॉटेलांच्या चादरी धूत होती. 

“आता तू स्वतंत्र आहेस,” ती म्हणाली. आवाज चेष्टेचाच होता, पण चमचा थांबला होता. “आता विचारते. मी चालेन का?”

मी लगेच तोंड उघडलं, आणि मिटलं. सवयीचा हो जिभेवर आलाच होता, तो गिळला. खुर्चीत बसलो आणि विचार केला. तिची चिडचिड, तिचे टोमणे, वाफेनं लाल झालेले हात, मी पाव खात असताना महिनाभर बोलत राहिलेली ती, झाकून ठेवलेले बटाटे. दुसरी कुणी असती तर, हाही विचार केला. तपासणी म्हणजे तपासणी. तिनं वळूनही बघितलं नाही.

“हो,” मी म्हणालो.

तेवढ्या वेळात कॉफी उतू जाऊन चूल विझली होती. ती पुसून घेत म्हणाली, “चार मिनिटं लावलीस, मेल्या,” आणि तोंड माझ्याकडे न करताच नव्यानं पाणी ठेवलं, दोघांचं.